ठिबक संचाची गळती : आपली आपण दुरुस्ती



गेल्या मे महिन्यातली गोष्ट. मौद्याकडच्या आपल्या एका सभासदांचा निरोप आला, "साहेब, एकदा येऊन पाहा. खालच्या टोकाचा ऊस पिवळा पडून राहिला." मी गेलो. को ८६०३२ ची सुरू लागवड, वरच्या बाजूला ऊस जोमदार, पण खालच्या टोकाकडे फुटवे कमी आणि पाने पिवळट. ऊन रणरणत होते, मलाही पुढच्या गावी जायची घाई होती. नत्र कमी पडले असावे असे सांगून ठिबकमधून युरिया सोडायला सांगितला आणि निघून आलो.

तीन आठवड्यांनी पुन्हा गेलो तर सुधारणा नाहीच, उलट पट्टा वाढलेला. त्या सभासदांच्या घरच्या वहिनी तिथे निंदण करीत होत्या. त्यांनी विचारले, "साहेब, इथं मधातच हरळी काहून माजली जी? खाली तर ढेकूळही ओलं नाही." मी वाकून पाचट बाजूला केले. नळीला मोहरीएवढे छिद्र, त्यातून पाण्याची बारीक धार आणि भोवती चिखल! मग आम्ही ओळीने पाहत गेलो. त्या एका सेक्शनमध्ये चौदा ठिकाणी गळती निघाली. काही ठिकाणी सायकलच्या ट्यूबची पट्टी आणि सुतळी गुंडाळलेली होती, तीही ठिबकत होती. म्हणजे मी सांगितलेला युरिया हरळीला मिळाला आणि ऊस उपाशी राहिला. चूक माझी होती. आधी दाब आणि पाणी तपासायचे, मग खताचे बोलायचे, हा धडा मी त्या दिवशी पुन्हा शिकलो.

त्या सभासदांनी दुरुस्तीसाठी दोनदा निरोप दिले होते, माणूस आला नव्हता. कंटाळून ते संच गुंडाळून ठेवणार आणि पुन्हा पाटाने पाणी देणार होते. असे विचार करणारे आणखी सभासद आहेत हे मला ठाऊक आहे, म्हणून हा लेख. ठिबकची दहापैकी आठ-नऊ दुरुस्तीची कामे घरचा माणूस करू शकतो. त्याला मिस्त्री लागत नाही.

गळती म्हणजे नुकसान किती?

हिशेब करू. एक किलो दाबावर चालणाऱ्या नळीला दोन मिलिमीटरचे छिद्र पडले तर त्यातून तासाला सुमारे १०० लिटर पाणी जाते. खोटे वाटत असेल तर छिद्राखाली खड्डा करून दहा लिटरची बादली ठेवा. सहा मिनिटांत भरेल.

आता आपली नळी बघा. साठ मीटर लांबीची नळी, दीड फुटाच्या आसपास म्हणजे अर्ध्या मीटरवर एक ड्रीपर, प्रत्येकी ताशी चार लिटर. एका नळीवर १२० ड्रीपर झाले, म्हणजे ताशी ४८० लिटर. त्या नळीवर १०० लिटरचे एक छिद्र, म्हणजे पंचवीस ड्रीपरचे पाणी एकाच जागी ओतले जाते. शिवाय छिद्रापुढे दाब पडतो, म्हणून शेवटच्या ड्रीपरला आणखीच कमी मिळते. पाण्याबरोबर युरिया, पांढरे पोटॅश आणि फॉस्फरिक ॲसिडही तिथेच जाते.

आणखी एक नुकसान डोळ्यांना दिसत नाही. मोटार बंद झाली की नळीतले पाणी उताराकडे ओढले जाते आणि वरच्या बाजूची नळी हवा आत ओढते. छिद्र चिखलात असेल तर हवेबरोबर चिखलही आत जातो. दुसऱ्या दिवशी तोच चिखल पुढच्या ड्रीपरमध्ये अडकतो. आज एक छिद्र असेल तर महिन्याने दहा ड्रीपर बंद, असा हा मामला आहे.

आणि पाणी आपल्याकडे अमाप आहे असे समजू नये. २०१९ च्या उन्हाळ्यात तोतलाडोहचे पाणी मृतसाठ्यावर गेले होते आणि त्या जुलैमध्ये नागपूर शहराला दिवसाआड पाणी द्यावे लागले होते. शहराची ती स्थिती, तर पेंचच्या कालव्याच्या शेवटच्या टोकाला असलेल्या वावराचे काय सांगावे! ज्याच्या विहिरीत पाणी असेल त्याचा ऊस तगला. विहिरीतले पाणी हरळीला घालण्याची ऐपत कोणाची आहे?

गळती शोधावी कशी?

१) चालत पाहणी. आठवड्यातून एकदा, सकाळी, संच चालू असताना प्रत्येक सेक्शनमधून चालून यावे. रात्रपाळीच्या विजेवर संच चालत असेल तर गळती कोणाच्या नजरेस पडत नाही, म्हणून आठवड्यातली एक पाळी तरी दिवसा पाहावी. ऊस मोठा झाला की आत शिरणे अवघड होते, तेव्हा मोठी बांधणी होण्यापूर्वीच सर्व गळती काढून घ्यावी. पाहताना कानही उघडे ठेवा, बारीक धारेचा "सूं" असा आवाज येतो. जेथे हरळी-लव्हाळा माजला, जेथे मुंगळे व बेडूक जमले, जेथे पाचट काळे पडून कुजले, तेथे वाकून बघा. काठीला लाल चिंधी बांधून खूण करत चला, नाहीतर मोटार बंद केल्यावर जागा सापडत नाही.

२) सहा मिनिटांची परीक्षा. ड्रीपरखाली वाटी किंवा कापलेली बाटली ठेवून सहा मिनिटे पाणी धरावे. जितके मिलिलिटर येईल त्याला दहाने गुणले की तासाचे माप निघते. चार लिटरच्या ड्रीपरने सहा मिनिटांत ४०० मिलिलिटर दिले पाहिजे. नळीच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी असे तीन ठिकाणी मोजावे. सगळीकडे सारखेच कमी येत असेल तर फिल्टर तुंबला आहे किंवा दाब कमी आहे. सुरुवातीला बरोबर आणि शेवटी कमी असेल तर मधे गळती आहे किंवा नळी दबली आहे. एखादाच ड्रीपर कमी असेल तर तो चोंदला आहे. वर सांगितलेल्या वावरात शेवटच्या ड्रीपरचे पाणी २१० मिलिलिटर भरले होते. हे मी पहिल्याच दिवशी मोजले असते तर तीन आठवडे वाया गेले नसते.

३) मुख्य नळीची परीक्षा. मुख्य नळी जमिनीत असते, तिची गळती दिसत नाही. सर्व सेक्शनचे कॉक बंद करावे, बायपास उघडा ठेवून मोटार चालवावी आणि नळीत दाब येऊ द्यावा. मग फिल्टरजवळचा मुख्य कॉक बंद करून लगेच मोटार बंद करावी. त्या कॉकच्या पुढे बसविलेल्या गेजचा काटा पंधरा मिनिटे जागेवर राहिला तर ठीक. भराभर खाली आला तर मुख्य नळीत किंवा एखाद्या कॉकमध्ये गळती आहे असे समजावे. बायपास बंद ठेवून सर्व कॉक बंद करू नयेत, त्याने नळी फुटते व मोटारीलाही धक्का बसतो.

घरात ठेवायची थैली

एका जुन्या थैलीत पुढील वस्तू कायम ठेवाव्या : आपल्या नळीच्या मापाचे वीस-पंचवीस जॉइनर, पाच-सहा ग्रोमेट व टेक-ऑफ, छिद्र बुजवायची बुचे (दुकानात "डमी" म्हणून मागावीत), नळीच्या टोकाच्या आठच्या आकाराच्या कड्या, धारदार पाते, हॅकसॉ, टेफ्लॉन टेप, पीव्हीसी सोल्युशनचा डबा, पॉलिश पेपर आणि त्याच मापाच्या जुन्या नळीचे दहा-वीस मीटर. दुकानात जाताना आपल्या नळीचा वीतभर तुकडा खिशात न्यावा. सगळ्या १६ मिलिमीटरच्या नळ्या आतून सारख्या नसतात, जाडी वेगळी असली की जॉइनर सैल तरी होतो नाहीतर शिरतच नाही. पातळ नळीला चावीचा म्हणजे वरून फिरवून आवळायचा जॉइनर लागतो.

दुरुस्ती : जागेजागेची

कोणत्याही दुरुस्तीपूर्वी मोटार बंद करा, त्या सेक्शनचा कॉक बंद करा आणि नळीचे टोक उघडून दाब काढून टाका. दाबाखालच्या नळीशी झटापट करू नका.

नळीला छिद्र किंवा चीर. काळ्या नळीला सोल्युशन चिकटत नाही, ही पहिली गोष्ट ध्यानात घ्या. ती पॉलिथिनची असते. ट्यूबची पट्टी, एम-सील, सुतळी हे सर्व चार दिवसांचे उपाय. योग्य रीत अशी : खराब तुकडा दोन्ही बाजूंनी पात्याने सरळ कापून काढा. विळ्याने तिरपा कापू नका, तिरप्या कापावर जॉइनर नीट बसत नाही. टोके पुसून माती काढा. जॉइनर एका टोकात त्याच्या मधल्या कडेपर्यंत दाबून बसवा, मग दुसरे टोक चढवा. थंडीत नळी कडक झाली असेल तर टोक गरम पाण्यात अर्धा मिनिट बुडवा. आगपेटीच्या काडीने किंवा पेटत्या पाचटाने नळी तापवू नका, ती पातळ होऊन तिथेच पुढे फुटते. कापलेला तुकडा बोटभर असेल तर एक जॉइनर पुरतो. जास्त असेल तर तेवढाच जुना तुकडा आणि दोन जॉइनर घाला. ओढून ताणून एकाच जॉइनरवर भागवू नये, रात्री नळी गार होऊन आकसते आणि जोड सुटतो.

ज्या नळीत ड्रीपर आतच बसविलेले असतात तिथे ड्रीपरवर पाते चालवू नका. दोन ड्रीपरच्या मधोमध कापा, कारण ड्रीपर असलेल्या जागी जॉइनर आत शिरत नाही. तुकडा जोडताना तोही त्याच अंतराचा व त्याच लिटरचा घ्यावा. बाहेरून ड्रीपर टोचलेली साधी नळी असेल आणि ड्रीपर निखळून गोल छिद्र उरले असेल तर तेथे डमी बसते. फाटलेल्या चिरेला मात्र डमी चालत नाही.

एका नळीवर फार जॉइनर झाले तर प्रत्येक जोडाला थोडा थोडा दाब खर्च होतो. अशी नळी टोकाच्या ओळीला लावू नये. तिचा खराब भाग काढून टाकावा आणि चांगले तुकडे दुरुस्तीसाठी ठेवावे.

टेक-ऑफजवळची गळती. सबमेनमधून नळी जिथे निघते तिथे रबराचे ग्रोमेट असते. उन्हाने व औषधांनी ते कडक होऊन चिरते. टेक-ऑफ काढून ग्रोमेट बदलावे. नवीन ग्रोमेट साबणाच्या पाण्यात भिजवून बसवा. तेल-ग्रीस लावू नका, रबर फुगते. ग्रोमेटची खाच पाइपच्या कडेत पूर्ण बसली की नाही ते बोटाने पाहून मगच टेक-ऑफ दाबा. छिद्रच मोठे किंवा लांबट झाले असेल तर दुप्पट जाडीचे ग्रोमेट कोंबण्याचा प्रयोग करू नये. तेवढा पाइप बदलावा किंवा वरून आवळण्याचे सॅडल लावावे. नवे छिद्र पाडायचे झाल्यास ग्रोमेटच्या मापाचाच ड्रिल घ्यावा. नंतर सबमेनचे टोक उघडून आत पडलेला भुसा धुऊन काढावा.

सबमेन किंवा मुख्य नळी फुटणे. हे काम थोडे सबुरीचे. दोन्ही बाजूंना हातभर माती मोकळी करा आणि पाणी उपसून पाइप पूर्ण कोरडा करा. ओल्या पाइपला सोल्युशन धरत नाही. फुटका तुकडा हॅकसॉने सरळ कापा, कडा घासून गुळगुळीत करा. जमिनीतला पाइप मागेपुढे सरकत नाही, म्हणून पूर्ण सरकणारे दोन कपलर व मधे नवीन तुकडा घालावा. पाइप व कपलर दोन्हींना पातळ सोल्युशन लावून, बसविताना पाव फेरा फिरवा आणि थोडा वेळ दाबून धरा. शक्यतो एक दिवस पाणी सोडू नका. सोल्युशन लवकर पेटते, काम करताना बिडी बाजूला ठेवा.

आपल्या काळ्या जमिनी उन्हाळ्यात भेगाळतात व पावसाळ्यात फुगतात, त्यात पाइप ओढला जातो आणि जोड उखडतात. म्हणून दुरुस्तीनंतर पाइपाभोवती आधी मऊ माती किंवा बारीक मुरूम भरा, ढेकळे व दगड टाकू नका. पीव्हीसी पाइप दीड-दोन फूट खोल असावा. उघड्यावर उन्हात राहिला की ठिसूळ होतो.

नळीचे टोक. दुमडलेल्या जागी नळी चिरते. वीतभर टोक कापून पुन्हा दुमडावे व कडी घालावी. त्यासाठी टोकाला सुरुवातीपासूनच हातभर नळी जास्त ठेवावी.

फिल्टर व कॉक. झाकणातून पाणी येत असेल तर आधी रबर रिंग काढून धुवा. बहुतेक वेळा वाळूचा कण अडकलेला असतो. रिंग चिरली असेल तर बदला. आट्याच्या जोडाला टेफ्लॉन टेप आट्याच्या दिशेने गुंडाळा व हाताच्या जोराने आवळा. पान्याने जोर केला की प्लास्टिकचे आटे फाटतात. फिल्टरच्या आधीचा व नंतरचा गेज यांत अर्ध्या किलोचा फरक पडू देऊ नका, त्याआधीच फिल्टर धुवा. हवेच्या व्हॉल्व्हमधून सतत पाणी येत असेल तर उघडून आतला कचरा काढा.

पुन्हा गळू नये म्हणून

नळी फुटते त्याची कारणे घरचीच असतात. खुरपे आणि कोळपे लागते, म्हणून कामापूर्वी नळी एका बाजूला सरकवावी. एकाच वेळी चालू कॉक बंद करून मग दुसरा उघडतात, त्याने दाबाचा धक्का बसतो. आधी दुसरा सेक्शन उघडावा, मग पहिला बंद करावा. मोटार सुरू करताना बायपास उघडा असावा आणि हळूहळू दाब वाढवावा. ड्रीपर क्षाराने चोंदले की दाब वाढून कमजोर जोड सुटतात, म्हणून आठवड्याला नळ्यांची टोके उघडून धुवावी. ॲसिड द्यायचे असेल तर आमच्या कर्मचाऱ्याला विचारून द्यावे. नेहमी पाण्यात ॲसिड ओतावे, ॲसिडमध्ये पाणी नाही. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र कधीही करू नये, विषारी वायू तयार होतो.

उंदीर, खारी व रानडुकरे उन्हाळ्यात पाण्यासाठी नळी कुरतडतात. धुऱ्यावर झाडाखाली पसरट भांड्यात पाणी ठेवल्याने खारींचा त्रास कमी होतो असा अनेकांचा अनुभव आहे. नळीवर पाचट राहू द्या, पण नळ्या वावरात असताना पाचट पेटवू नका. पाचट मुळात पेटवूच नये, पण पेटविलेच तर संचही गेला असे समजा.

तोडणीपूर्वी नळ्या मोठ्या वेटोळ्यांत गुंडाळून गोठ्यात उंचावर टांगाव्या. कोयत्याने जितक्या नळ्या कापल्या जातात तितक्या उंदरानेही कुरतडल्या जात नाहीत. खोडवा ठेवताना नळ्या पसरविण्यापूर्वी प्रत्येक नळी पाणी सोडून तपासून घ्यावी. ते काम वावरात शिरून करण्यापेक्षा पाचपट सोपे असते.

कोणते काम आपण करू नये

मोटारीचे स्टार्टर, केबल व विजेचे जोड यांना हात लावू नये, विशेषतः ओल्या जागी. वाळूच्या फिल्टरचे टाके फुटले असेल तर ते बदलायचे काम जाणकाराचे. मुख्य नळी वारंवार त्याच जागी फुटत असेल तर आराखड्यातच चूक असू शकते. त्या वेळी आम्हाला बोलवा, आराखडा व मोटारीचे माप सोबत ठेवा.

आपल्या राज्यात ठिबकसाठी अनुदान १९८६-८७ पासून मिळू लागले. त्या काळी आमच्यासारख्या कर्मचाऱ्यांना "संच बसवा" एवढेच सांगावे लागे. आता संच बऱ्याच वावरांत आहेत, पण संच बसविणे वेगळे आणि तो चालविणे वेगळे. अनुदानाचा संच गुंडाळून गोठ्यात पडला तर पैसा शासनाचा गेला, आपला गेला आणि पाणीही गेले.

त्या सभासदांच्या वावरात आम्ही तिघांनी अर्ध्या दिवसात चौदाही गळती काढल्या. मी, ते स्वतः आणि वहिनी. त्यात नऊ जोड वहिनींनी बसविले. शेवटच्या ड्रीपरचे पाणी २१० वरून ३८० मिलिलिटरवर आले. ऊस हिरवा झाला, पण जे फुटवे मे महिन्यात वाळून गेले ते परत आले नाहीत. त्या पट्ट्याचे टनेज घटले ते घटलेच. म्हणून सांगतो, ऊस पिवळा दिसेपर्यंत थांबू नका. येत्या आठवड्यात एका सकाळी थैली खांद्यावर घ्या, एक वाटी घ्या, आणि घरातल्या कोणालाही सोबत घेऊन वावरातून एक चक्कर मारा.

अडचण आली तर गट कार्यालयात निरोप द्या. यावेळी मी आधी वाटी घेऊन येईन, युरियाचे नंतर बोलू.

आपला,
ऊस विकास अधिकारी